नदीच्या मुखावरची वखार : यॉर्क फॅक्टरी, बीव्हरची कातडी आणि तीनशे वर्षांच्या नोंदी

१६६८ च्या मार्चमध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानं मुंबई बेट वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, पण त्याच राजानं दोनच वर्षांनी, २ मे १६७० ला, दुसऱ्या एका कंपनीला सनद दिली आणि त्या सनदेत जो मुलूख दिला त्याच्यापुढं मुंबई बेट म्हणजे ठिपकाच. हडसन्स बे कंपनी तिचं नाव. उत्तर अमेरिकेच्या वरच्या अंगाला हडसन बे नावाचा अवाढव्य उपसागर आहे, त्यात ज्या ज्या नद्या येऊन मिळतात त्या सगळ्यांचं पाणलोट क्षेत्र, साधारण ३९ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या भारतापेक्षा मोठा प्रदेश, राजानं एका सहीत कंपनीच्या नावे केला. मोबदला काय, तर राजा कधी त्या मुलखात आलाच तर त्याला दोन एल्क (मोठी हरणं) आणि दोन काळे बीव्हर (पाण्याकाठी राहणारा, दाट केसांचा कुरतडणारा प्राणी) द्यायचे. तिथं पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या क्री, असिनिबॉइन, डेने लोकांना कोणी विचारलंही नाही, त्यांना तर अशी काही सही झाल्याचा पत्ताच नव्हता.

या कंपनीचं सगळ्यात महत्त्वाचं ठाणं म्हणजे यॉर्क फॅक्टरी. आजच्या कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, हेज नदी जिथं हडसन बेला मिळते तिथून थोडं आत, उत्तरेच्या काठावर. फॅक्टरी म्हणजे कारखाना नव्हे, सुरतेला आणि राजापूरला इंग्रजांच्या होत्या तशी वखार. १६८४ मध्ये ती सुरू झाली आणि १९५७ मध्ये बंद झाली. एवढ्या काळात इथून किती कातडी गेली आणि किती बंदुका आल्या याचा हिशोब इतिहासवाले करतातच, पण मला ही जागा आवडते ती वेगळ्या कारणासाठी. इथं प्रत्येक गोष्ट, जागा का निवडली, इमारत कशी बांधली, जहाज कधी आलं, धंदा का वाढला आणि का बसला, हे सगळं पाणी, बर्फ आणि जमीन यांनी ठरवलंय, आणि ते सगळं कारकुनांनी रोजच्या रोज लिहून ठेवलंय.

आधी जागा बघू. इथं एक नाही, दोन नद्या शेजारीशेजारी समुद्राला मिळतात, नेल्सन आणि हेज, मध्ये फक्त दलदलीची एक चिंचोळी पट्टी. नेल्सन ही हेजपेक्षा कितीतरी पटीनं मोठी, पार रॉकी पर्वतापासूनचं पाणी ती आणते, त्यामुळं नकाशा बघून कोणालाही वाटेल की वखार नेल्सनवरच हवी. पण मोठी नदी म्हणजे प्रवाहाचा जोर मोठा, आणि माल भरलेली होडी उलट्या प्रवाहात वल्हवत, काठावरून दोर लावून ओढत न्यायची असेल तर हा जोर माणसांना झेपत नाही. हेज लहान, तिच्यावर चढणं जमण्यासारखं, आणि तिच्या वरच्या अंगाला थोडं अंतर होड्या-माल खांद्यावर वाहून नेला की विनिपेग सरोवराच्या बाजूला उतरता येतं. तिथून पुढं सस्कॅचवान नदी, रेड नदी, म्हणजे जवळजवळ अर्धा खंड होडीनं खुला. ही वाट क्री लोकांना आधीपासून माहीत होती, कंपनीनं ती शोधली वगैरे काही नाही, ती त्यांच्याकडून शिकली.

समुद्राच्या बाजूनं मात्र अडचणच होती. नदीमुखात गाळ आणि वाळूचे उथळ पट्टे, मोठं जहाज वखारीपर्यंत येऊच शकत नव्हतं. ते अकरा-एक किलोमीटर बाहेर थोड्या खोल पाण्यात नांगर टाकायचं आणि लहान होड्यांनी सगळा माल ने-आण करायचा. त्यातही वेळ फार थोडा. जहाज उन्हाळ्याच्या सुरुवातीला लंडनहून निघणार, स्कॉटलंडच्या वर ऑर्कनी बेटांवर स्ट्रॉमनेसला गोडं पाणी आणि माणसं भरून घेणार, हडसन सामुद्रधुनीतल्या बर्फातून वाट काढत ऑगस्टच्या सुमारास पोचणार, आणि सप्टेंबर संपायच्या आत परत फिरलं नाही तर बर्फात अडकून अख्खा हिवाळा तिथंच. म्हणजे वर्षातून एकदा जहाज. पत्र लिहिलं तर उत्तर पुढच्या वर्षी, आणि लंडनच्या गोदामात एखाद्या मालाचा भाव पडला तरी इथल्या साहेबाला ते कळणार एक वर्षानं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर टोपीसाठी. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून जवळजवळ तीनशे वर्षं युरोपात फेल्टच्या टोपीची फॅशन होती आणि सगळ्यात भारी फेल्ट बीव्हरच्या केसांचं. युरोपातले बीव्हर तोवर मारून मारून संपत आलेले. बीव्हरच्या अंगावर दोन थर असतात, वर लांब राठ केस आणि खाली अतिशय बारीक दाट लव. टोपीला ही खालचीच लव लागते, कारण तिच्या प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात, ओलावा, उष्णता आणि दाब मिळाला की केस एकमेकांत अडकत जातात आणि विणल्याशिवाय घट्ट कापड तयार होतं, आपल्याकडं मेंढीच्या लोकरीचा बुरणूस बनतो तसं. बीव्हरचं फेल्ट पातळ राहूनही आकार धरून ठेवतं, पावसात भिजलं तरी लोळागोळा होत नाही.

आता वरचे राठ केस काढायचे कसे हा खरा प्रश्न होता. सुरुवातीच्या काळात व्यापाऱ्यांना सगळ्यात जास्त हवी असायची ती वापरलेली कातडी. क्री लोक बीव्हरची काही कातडी एकत्र शिवून त्याचा अंगरखा करायचे, केस आतल्या बाजूला, आणि एक-दोन हिवाळे तो अंगावर वापरला की घासून राठ केस आपोआप गळून जायचे, घाम आणि अंगाच्या तेलकटपणानं खालची लव मऊ व्हायची. म्हणजे पॅरिस-लंडनच्या बड्या लोकांच्या डोक्यावर जी टोपी मिरवायची तिची पहिली प्रोसेसिंग कुठल्यातरी क्री बाईच्या किंवा बाप्याच्या अंगावर झालेली असायची. पुढं अठराव्या शतकात टोपीवाल्यांनी पाऱ्याच्या नायट्रेटचं द्रावण वापरायला सुरुवात केली, ते लावलं की केसाचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि न वापरलेल्या कातड्याची लवही छान घट्ट बसते. केसांची टोकं त्यानं नारिंगी व्हायची. पण वाफेबरोबर पारा कारागिरांच्या छातीत जायचा आणि मग हातपाय थरथरणं, चिडचिड, बोलताना अडखळणं. फॅशनची ही किंमत फार कमी लोकांना माहीत असते म्हणून मुद्दाम लिहितोय.

वखारीत पैसा चालत नव्हता. हिवाळ्यात पकडलेल्या बीव्हरचं एक चांगलं, पूर्ण वाढीचं, नीट वाळवलेलं कातडं हेच माप, आणि सगळ्या वस्तूंचे भाव त्यात. बंदूक दहा ते चौदा कातडी, शिवाय तांब्याची पातेली, कुऱ्हाडी, चाकू, घोंगड्या, मणी, बंदुकीची दारू, तंबाखू. तंबाखू तर ब्राझीलचाच हवा असायचा, क्री लोकांना तो पसंत म्हणून कंपनी तो लिस्बनहून विकत घेऊन इकडं पाठवायची. हे सांगायचं कारण असं की मण्यांच्या बदल्यात भोळ्या लोकांना लुबाडलं ही जी गोष्ट आपण ऐकत आलोय ती अठराव्या शतकातल्या यॉर्क फॅक्टरीला तितकीशी लागू पडत नाही. व्यापाराआधी पुढाऱ्यांची रीतसर भाषणं व्हायची, चिलीम फिरायची, आणि भाषणात माप नीट भरून द्या, बंदुका थंडीत फुटतात, घोंगड्या आखूड आहेत अशा तक्रारी अगदी स्पष्ट असायच्या, त्या कंपनीच्याच लोकांनी लिहून ठेवल्यात. फ्रेंच व्यापारी दुसऱ्या बाजूला उभे होते, तिकडं जायची मोकळीक होती, त्यामुळं घासाघीस बरोबरीनं चालायची. अर्थात वखारवालेही अधिकृत दरापेक्षा जास्त कातडी घेऊन मधला फरक वेगळ्या खात्यात दाखवायचेच.

आणि या लोकांशिवाय वखार एक हिवाळाही टिकली नसती. वखारीच्या आसपास राहणारे क्री दर वसंतात आणि शरदात हजारो हंस-बदकं मारून द्यायचे, ती मिठात मुरवून ठेवायची आणि त्यावर वर्ष काढायचं. स्नोशूज, म्हणजे बर्फावर चालायचे रुंद जोडे, त्यांचे, वाटाडे ते, कातडी कमावणाऱ्या बायका त्यांच्या. १७१४ मध्ये थानाडेल्थर नावाची एक तरुण डेने बाई क्रींच्या कैदेतून निसटून वखारीत पोचली. तेव्हा डेने आणि क्री यांच्यात वैर, त्यामुळं उत्तरेकडचा व्यापार बंद. वखारीचा मुख्य जेम्स नाइट यानं तिला, विल्यम स्ट्युअर्ट नावाच्या आपल्या माणसाला आणि सुमारे दीडशे क्रींना १७१५ च्या जूनमध्ये उत्तरेला पाठवलं, वाटेत उपासमार झाली, बरेच जण मागं फिरले, पण ती एकटी पुढं गेली, आपल्या लोकांना शोधून, बोलून बोलून घसा बसेपर्यंत समजावून घेऊन आली आणि समेट झाला. १७१७ च्या फेब्रुवारीत आजारपणात ती गेली, वय विशीच्या आसपासच असेल. त्याच वर्षी चर्चिल नदीच्या मुखावर नवी वखार उभी राहिली ती तिच्या या कामामुळं. कंपनीच्या मोठमोठ्या गव्हर्नरांपेक्षा मला हीच बाई जास्त महत्त्वाची वाटते.

लढाया मी पटकन सांगतो. फ्रेंचांनी ही वखार १६९४ ला घेतली, इंग्रजांनी १६९६ ला परत घेतली, १६९७ ला द'इबरव्हिल या फ्रेंच सेनानीनं एकट्या जहाजानिशी तीन इंग्रज जहाजांना टक्कर देऊन ती पुन्हा जिंकली, मग १७१३ च्या उत्रेख्तच्या तहानं ती इंग्रजांकडं गेली. १७८२ मध्ये ला पेरूझ या फ्रेंच दर्यावर्दीनं ती जाळून टाकली. पण त्या वर्षी खरा घाव देवीच्या साथीनं घातला, आतल्या मैदानी प्रदेशातून नद्यांच्या वाटांनीच ती पसरली आणि क्री-असिनिबॉइन वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या झाल्या. ज्या वाटांनी माल जायचा त्याच वाटांनी रोग गेला.

१८२१ नंतर या जागेचे सगळ्यात मोठे दिवस आले. मॉन्ट्रियलची नॉर्थ वेस्ट कंपनी आणि हडसन्स बे कंपनी यांची जीवघेणी स्पर्धा विलीनीकरणानं संपली आणि नवा साहेब जॉर्ज सिम्पसन यानं हिशोब मांडला. मॉन्ट्रियलवरून कॅनूनं, म्हणजे हलक्या चिंचोळ्या होडीनं, अर्धा खंड ओलांडत माल न्यायचा की जहाजानं थेट खंडाच्या पोटात, हडसन बेपर्यंत आणायचा? समुद्रावरचा किलोमीटर हा नदीवरच्या किलोमीटरपेक्षा फार स्वस्त पडतो, त्यामुळं उत्तर सरळ होतं. पश्चिमेचा जवळजवळ सगळा माल यॉर्क फॅक्टरीतून जाऊ लागला. मालासाठी कॅनू सोडून यॉर्क बोटी आल्या, ऑर्कनीच्या होड्यांवरून बेतलेल्या, सहा-आठ वल्हेकऱ्यांच्या, तीन टन किंवा जास्त माल घेणाऱ्या. यामागंही एक वनस्पतीशास्त्र आहे, मोठ्या कॅनूसाठी बर्च झाडाची रुंद साल लागते आणि हडसन बेच्या दलदली किनाऱ्यावर बर्च तेवढा जाड वाढतच नाही. शिवाय कंपनीचे बरेचसे नोकर ऑर्कनीचेच, त्यांना लाकडी होडी बांधायची सवय. इथून पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या फोर्ट व्हँकुव्हरपर्यंत वर्षातून एकदा डाकेची तुकडी निघायची, साधारण ४२०० किलोमीटर, होडी, घोडा आणि पायी.

त्या काळातली मुख्य गोदामाची इमारत आजही उभी आहे, १८३० च्या दशकात बांधलेली, पूर्ण लाकडी, मध्ये चौक आणि चारी बाजूंनी मजले. कायम गोठलेल्या जमिनीवर, म्हणजे पर्माफ्रॉस्टवर, उभी असलेली कॅनडातली ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी लाकडी इमारत मानली जाते, आणि ती टिकली कशी हे इंजिनिअर लोकांनी बघण्यासारखं आहे. पर्माफ्रॉस्टचा वरचा थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात परत गोठतो, गोठताना ओल्या मातीत बर्फाचे थर वाढतात आणि जमीन वर उचलली जाते, तीही सगळीकडं सारखी नाही, इथं जरा जास्त तिथं कमी. दगडी पाया घातला तर तो तडकतो. म्हणून बांधणाऱ्यांनी इमारत पायाशी जखडलीच नाही, लाकडी चौकट जमिनीच्या हालचालीबरोबर थोडी वरखाली होऊ शकेल अशी ठेवली आणि भोवती चर खणून पाणी निघून जाईल याची सोय केली. पर्माफ्रॉस्टचं शास्त्र तयार व्हायच्या शंभर वर्षं आधीचं हे काम आहे, सुतारांनी अनुभवातून केलेलं.

जमिनीची आणखी एक हालचाल चालू असते, ती मात्र सावकाश. शेवटच्या हिमयुगात या भागावर काही किलोमीटर जाडीचा बर्फ होता, त्याच्या वजनानं पृथ्वीचं कवच खाली दबलेलं, बर्फ वितळून सुमारे ८ हजार वर्षं झाली तरी ते अजून वर येतंय, हडसन बेच्या या किनाऱ्यावर वर्षाला साधारण १ सेंटीमीटर. वखारीच्या आयुष्यात म्हणजे किनारा माणसाच्या उंचीपेक्षाही जास्त वर आला. आधीच उथळ असलेलं नदीमुख त्यानं आणखी उथळ होत जातं.

आता मुख्य गोष्टीकडं, नोंदींकडं. कंपनीचा नियम असा होता की प्रत्येक वखारीत रोजनिशी ठेवायची आणि ती जहाजातून लंडनला पाठवायची. त्यात रोजचा वारा, थंडी, नदीत पहिला बर्फ कधी वाहताना दिसला, नदी पूर्ण कधी गोठली, वसंतात बर्फ कधी फुटला, हे सगळं यायचं. बर्फ फुटणं इथं धोक्याचं असतं, कारण नदी उत्तरेकडं वाहते, वरचा दक्षिणेकडचा भाग आधी वितळतो आणि मुखाशी अजून बर्फ घट्ट, मग पाणी तुंबतं आणि काठावर चढतं. १७८८ मध्ये अशाच पुरानंतर वखार वरच्या बाजूला हलवायचा निर्णय झाला. १९७० च्या दशकात कॅनडातल्या भूगोलाच्या अभ्यासकांनी, मूडी आणि कॅचपोल यांनी, १७१४ ते १८७१ या काळातल्या रोजनिशा वाचून हडसन बेच्या नदीमुखांवर बर्फ फुटायच्या आणि गोठायच्या तारखांची मालिका काढली. जहाजांच्या लॉगबुकांवरून हडसन सामुद्रधुनीतल्या उन्हाळी बर्फाचा अंदाजही निघाला, आणि १८१६ चं वर्ष त्यात वाईट बर्फाचं म्हणून उठून दिसतं, १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला त्याच्या पुढचंच वर्ष. थर्मामीटरच्या सलग नोंदी नसलेल्या प्रदेशाचं दीडशे वर्षांचं हवामान असं हाती येतं.

कातड्यांच्या आकड्यांनी तर इकॉलॉजीला एक प्रसिद्ध ग्राफ दिला. चार्ल्स एल्टन हा ब्रिटिश प्राणीशास्त्रज्ञ १९२५ पासून काही वर्षं या कंपनीचा सल्लागार होता. त्यानं आणि मेरी निकोल्सन यांनी १९४२ मध्ये लिंक्स या रानमांजराच्या कातड्यांचे शंभरहून जास्त वर्षांचे आकडे मांडले आणि त्यात साधारण दर दहा वर्षांनी चढ आणि उतार असा ठोका दिसला. लिंक्सचं मुख्य खाणं ससा, त्यामुळं ससे वाढले की लिंक्स वाढतात, लिंक्स वाढले की ससे कमी, मग लिंक्स उपाशी, असं सरळ चक्र पाठ्यपुस्तकात आलं. पण खतावणीत कातडी मोजलेली असतात, जिवंत जनावरं नाही. ससा आणि लिंक्स यांचे जे आकडे एकाच ग्राफमध्ये दाखवतात ते सगळे एकाच भागातले नाहीत, आणि काही वर्षांत तर लिंक्सचं शिखर आधी आणि सशांचं नंतर असं उलटं दिसतं, जणू ससेच लिंक्सला खातायत. मग युकॉनमधल्या क्लुएन भागात चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी जंगलातच प्रयोग केला. कुंपण घालून शिकारी प्राणी बाहेर ठेवले तर ससे सुमारे दुप्पट झाले, जास्तीचं खाणं टाकलं तर तिप्पट, दोन्ही केलं तर अकरा पट. म्हणजे शिकारी आणि चारा दोन्ही मिळून हे चक्र फिरवतात, कातड्यांच्या वहीनं प्रश्न दिला पण उत्तर जंगलातच जाऊन मिळालं.

बीव्हरचं काय झालं तेही वह्यांत आहे. अर्थशास्त्रज्ञांनी यॉर्क फॅक्टरीचे भाव आणि आवक यावरून बीव्हरच्या संख्येचा अंदाज काढला तेव्हा दिसलं की १७३० च्या दशकापासून फ्रेंच ठाणी जवळ आली, युरोपात टोपीचा भाव चढला, क्रींना कातड्याला जास्त माल मिळू लागला आणि शिकार जनावर भरून निघण्याच्या वेगापुढं गेली. बीव्हर म्हणजे नुसतं कातडं नाही, तो बांध घालतो, पाणी अडवतो, त्याच्या तळ्यांवर मासे, बदकं, मूस नावाची मोठी हरणं सगळे जगतात, त्यामुळं तो गेला की अख्खा ओढा बदलतो. १८४० च्या सुमारास युरोपात रेशमी टोपी आली आणि मागणी उतरली म्हणून बीव्हर वाचला, सिम्पसननं शिकारीवर मर्यादा घातल्या होत्या त्याचा थोडा उपयोग झाला असेल, पण मला वाटतं फॅशन बदलली हेच मोठं कारण.

वखारीचा शेवट मात्र बीव्हरमुळं नाही, वाफेमुळं झाला. १८५९ मध्ये रेड नदीवर पहिली आगबोट आली, अमेरिकेची रेल्वे दक्षिणेकडून जवळ आली, मग बर्फातून वर्षातून एकदा जहाज आणण्यापेक्षा खालून माल आणणं स्वस्त झालं. १८७० च्या दशकात पश्चिमेचं मुख्य गोदाम म्हणून यॉर्क फॅक्टरीचं काम जवळजवळ संपलं आणि ती आजूबाजूच्या शिकाऱ्यांचं एक साधं दुकान होऊन राहिली. विसाव्या शतकात कॅनडा सरकारला हडसन बेवर रेल्वेचं बंदर हवं होतं, नेल्सनच्या मुखाशी काम सुरूही केलं, पण गाळ आणि उथळ पाणी यांनी हैराण होऊन ते सोडलं आणि रेल्वे १९२९ मध्ये चर्चिलला नेली. जी अडचण १६८४ मध्ये होती तीच.

१९५७ मध्ये वखार बंद झाली तेव्हा तिथले क्री लोक आत यॉर्क लँडिंगला हलवले गेले, आज ते यॉर्क फॅक्टरी फर्स्ट नेशन याच नावानं ओळखले जातात आणि नेल्सनवरच्या कीयास्क वीजप्रकल्पात भागीदार आहेत. कंपनीची दुकानं २०२५ मध्ये बंद पडली, पण तिचं दप्तर १९९४ मध्येच मॅनिटोबा सरकारला दान दिलेलं असल्यामुळं विनिपेगमध्ये सुरक्षित आहे आणि युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत आहे. गोदामाची इमारत पार्क्स कॅनडा सांभाळतं, तिथं रस्ता जात नाही, विमानानं नाहीतर हेज नदीतून कॅनूनंच जावं लागतं. काठ दरवर्षी थोडा थोडा नदीत ढासळतोय, जुन्या वस्तीचा काही भाग त्यात गेलाही, आणि पर्माफ्रॉस्ट वितळायला लागला तर जी इमारत गोठलेल्या जमिनीवर तरंगत ठेवायची म्हणून बांधली तिच्याखाली नक्की काय होईल यावर तिथले अभियंते आणि पुरातत्त्ववाले सध्या काम करतायत.